थांबलेल्या हृदयांची नोंदवही

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत आरोग्य समितीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवातली एक संध्याकाळ आमच्या समितीच्या वाट्याला येते. मधुमेह झाला, गुडघेदुखी झाली, मोतीबिंदू झाला. यंदाचा विषय फलकावर 'नोंदवही' असा लागला, तेव्हा काही जणांनी हसत विचारले की डॉक्टरांच्या व्याख्यानात ही हिशेबनिशी कुठून आली? प्रश्न रास्त आहे. हृदय अचानक बंद पडून कोसळलेला माणूस वाचतो की नाही, हे डॉक्टरांच्या कौशल्याइतकेच एका साध्या, नेमाने लिहिलेल्या वहीवर अवलंबून असते. काही देशांनी ही वही गेली पंचवीस-तीस वर्षे लिहिली आणि त्यातून हजारो माणसे वाचली. आपल्याकडे देशभराची अशी वही अजून नाही. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

वहीचे महत्त्व बडोद्यातल्या मराठी घरांना वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जण नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेले की तीर्थोपाध्याय आडनाव आणि मूळ गाव विचारतात, वही काढतात आणि आपले पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवतात. घरात जे कोणालाच आठवत नाही, ते त्या वहीत असते. दुसरे उदाहरण आपल्या गावचेच. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिक्षण सक्तीचे करायचे तर गावात शाळेच्या वयाची मुले किती, त्यांतली येतात किती आणि न येणारी कोण, हे आधी लिहून ठेवावे लागते. सुधारणेच्या पोटात नोंद असतेच.

आता मूळ विषयाकडे येऊ. आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. हृदयविकाराचा झटका, ज्याला आपण सर्रास 'हार्ट अटॅक' म्हणतो, त्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी तुंबते. माणसाच्या छातीत दुखते, घाम फुटतो, पण तो बहुधा शुद्धीवर असतो आणि बोलतो. हृदय अचानक बंद पडणे, म्हणजे 'कार्डिॲक अरेस्ट', ही निराळी गोष्ट आहे. यात हृदयाची विजेची लय बिघडते. पुष्कळदा ते नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. श्वास थांबतो किंवा मधूनमधून आचके लागतात. हे आचके म्हणजे श्वास चालू असल्याची खूण नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, पण दोन्ही एक नाहीत.

हृदय बंद पडल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. काहीच केले नाही, तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे गाडी कितीही लवकर आली तरी पहिली मिनिटे घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या किंवा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हातात असतात. त्या वेळी दोनच गोष्टी उपयोगाच्या असतात: छातीच्या मधोमध जोराने आणि वेगाने दाब देत राहणे, ज्याला सीपीआर म्हणतात, आणि एईडी नावाच्या छोट्या यंत्राने विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणे.

या भाषणाच्या तयारीसाठी आम्ही एक काम केले. आपल्या सभासद कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी गेल्या काही वर्षांत असा प्रसंग घडला, त्यांतल्या काहींशी आम्ही त्यांच्या संमतीने बोललो. प्रश्न पाचच होते. माणूस कोसळताना कोणी पाहिले का? तेव्हा किती वाजले होते? पहिला फोन कोणाला केला? छातीवर दाब कोणी दिला का? विजेचा झटका मिळाला का, आणि किती वेळाने? या लोकांना त्या दिवसाचे सगळे आठवत होते. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या होत्या, दूरदर्शनवर काय चालू होते, अंगात कोणता सदरा होता, तेही. पण या पाच प्रश्नांची उत्तरे सलग कोणाकडेच नव्हती. कोणी पहिला फोन पुण्याच्या मुलाला केला होता, कोणी थोरल्या भावाला. कोणी शेजाऱ्यांच्या गाडीतून नेले, कोणी रिक्षातून. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर कारण एकच होते: 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू'. एका काकूंनी आम्हाला विचारले, "हृदयक्रिया तर सगळ्यांचीच शेवटी बंद पडते ना? ह्यांची का पडली आणि काय केले असते तर चालू राहिली असती, हे कोणी लिहायला नको का?"

काकूंचा प्रश्न हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न जगातल्या डॉक्टरांनाही पडला होता.

१९९० साली अमेरिकेत २९ शहरांच्या आकड्यांची तुलना प्रसिद्ध झाली. हृदय बंद पडून कोसळलेल्यांपैकी किती जण वाचून घरी गेले, याची उत्तरे शंभरात दोनपासून शंभरात पंचवीसपर्यंत होती. म्हणजे एका शहराची सेवा दुसऱ्याच्या बारापट चांगली होती का? काही अंशी फरक खरा होता. सिएटल शहराने आणि त्याच्या परिसराने सामान्य नागरिकांना शिकवण्यावर आणि रुग्णवाहिकेतल्या माणसांच्या तयारीवर अनेक वर्षे मेहनत घेतली होती. पण मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीचा होता. कोणी सगळे कोसळलेले मोजत असे, कोणी फक्त ज्यांना कोसळताना कोणी पाहिले तेवढेच. कोणी 'वाचला' म्हणजे नाडी परत आली असे धरी, कोणी पायाने चालत घरी गेला तरच धरी. एकाची पायली आणि दुसऱ्याची अधोली, अशा मापांनी धान्याची तुलना कशी व्हावी?

त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हँगर शहराजवळच्या एका बेटावर, उटस्टाइन नावाच्या जुन्या मठात, निरनिराळ्या देशांतले तज्ज्ञ जमले. त्यांनी ठरवले की माप एकच असावे. कोसळताना कोणी पाहिले का, जवळच्या माणसाने दाब दिला का, हृदयाची पहिली लय कोणती दिसली, फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता पोहोचली, झटका किती वाजता दिला, रुग्ण जिवंत घरी गेला का, आणि गेला तर त्याचा मेंदू किती शाबूत होता. हा आराखडा १९९१ साली प्रसिद्ध झाला. आजही जगभर त्याला 'उटस्टाइन पद्धत' म्हणतात. आम्ही सभासदांना विचारलेले पाच प्रश्न याच पद्धतीतून घेतले होते.

या पद्धतीने राष्ट्रीय नोंद ठेवणाऱ्या देशांपैकी डेन्मार्कची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण शिकण्यासारखे तिच्यात सर्वांत जास्त आहे.

डेन्मार्कची लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहून कमी. तिथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एकच ओळख क्रमांक मिळतो आणि दवाखाना, औषधे, नोकरी, मृत्यू या सगळ्या नोंदी त्याला जोडलेल्या असतात. योगायोग असा की त्यांच्या त्या लोकनोंदणीचे संक्षिप्त नावही सीपीआर असेच आहे! २००१ पासून तिथे हृदय बंद पडण्याची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. घटना घडली की रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी तिथल्या तिथे एक छोटा तक्ता भरायचा. पुढचे सगळे, म्हणजे रुग्ण तीस दिवसांनी जिवंत आहे का, वर्षाने आहे का, हे त्या क्रमांकावरून कळते.

पहिल्या वर्षाचे आकडे त्यांना लाजवणारे होते. ज्यांना वाचवण्याचा प्रयत्न झाला, त्यांतही जवळच्या माणसाने दाब दिलेले रुग्ण शंभरात फक्त २१ होते. तीस दिवसांनी जिवंत होते शंभरात साडेतीन. एवढा श्रीमंत देश, एवढी उत्तम रुग्णालये, आणि शंभरातले शहाण्णव जात होते. वही नसती तर हे कोणाला कळलेही नसते, कारण एकेका घरात ते दैवाचे काम वाटत असते.

मग त्यांनी काय केले? २००५ साली शाळांमध्ये सीपीआर शिकवणे बंधनकारक केले. २००६ पासून वाहन चालवण्याचा परवाना काढणाऱ्याला हे शिक्षण घ्यावे लागू लागले. झटका देणारी यंत्रे कुठे कुठे आहेत, याची देशव्यापी यादी केली. आपत्कालीन फोन घेण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका आणि इतर आरोग्यकर्मी बसवले. ते फोनवरूनच "हात छातीच्या मधोमध ठेवा, दाबा, मी मोजते" असे सांगू लागले. रुग्णालयांतली नंतरची देखभालही सुधारली. दहा वर्षांनी, २०१० साली, वही पुन्हा उघडली. जवळच्या माणसाने दाब दिलेले रुग्ण शंभरात ४५ च्या घरात गेले होते आणि तीस दिवसांनी जिवंत असणारे साडेतीनवरून १०.८ वर. या दहा वर्षांतल्या १९,४६८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

इथे एक सावधगिरीचा शब्द. त्या अभ्यासकांनीच म्हटले आहे की वाढ नेमकी कोणत्या एका उपायाने झाली, हे वही सिद्ध करत नाही. पुष्कळ गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या. वहीचा प्रामाणिकपणा असा की ती श्रेयही फुकट देत नाही. शाळांचा कायदा झाला, तरी काही वर्षांनी केलेल्या पाहणीत असे दिसले की तीनांपैकी एकाहूनही कमी ठिकाणी मुलांना हे प्रत्यक्ष शिकवले जात होते. कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण ते मोजले गेले म्हणून कळले.

वाचलेल्यांचे पुढे काय होते, ही भीती प्रत्येक घरात असते. "वाचवून अंथरुणाला खिळवण्यापेक्षा..." असे आपण ऐकतो. डेन्मार्कच्या वहीने याचेही उत्तर दिले. कोसळण्याआधी नोकरी करणारे जे जगले, त्यांतले चारांपैकी तीनांहून अधिक पुन्हा कामावर गेले. आणि ज्यांना जवळच्या माणसाने लगेच दाब दिला होता, त्यांच्यात मेंदूला इजा होण्याचे किंवा शुश्रूषागृहात राहावे लागण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

स्वीडनची वही डेन्मार्कच्याही आधीची, १९९० ची. २०१५ साली त्यांनी बावीस वर्षांतल्या ३०,३८१ रुग्णांचा हिशेब मांडला. या सगळ्यांना कोसळताना कोणीतरी पाहिले होते. गाडी येण्याआधी ज्यांना दाब मिळाला, त्यांतले तीस दिवसांनी १०.५ टक्के जिवंत होते. ज्यांना मिळाला नाही त्यांतले ४ टक्के. म्हणजे अडीचपटीहून अधिक. त्या दाबाला पैसा लागत नाही, लायसन लागत नाही, पदवी लागत नाही.

जपानचे उदाहरण यंत्राविषयी आहे. तिथे जुलै २००४ मध्ये सामान्य माणसालाही एईडी वापरण्याची मुभा मिळाली आणि जानेवारी २००५ पासून देशभर उटस्टाइन पद्धतीची नोंद सुरू झाली. स्थानके, शाळा, दुकाने येथे यंत्रे लागली. नुसती यंत्रे बसवून फोटो काढून ते थांबले नाहीत. यंत्रे दाट झाली तसा वेळ किती वाचला, ते मोजले. चौरस किलोमीटरला एकापेक्षा कमी यंत्र होते तिथे झटका मिळेपर्यंत सरासरी ३.७ मिनिटे जात. चार किंवा अधिक यंत्रे झाली तिथे २.२ मिनिटे. दीड मिनिटाचा फरक! आणि मिनिटाची किंमत काय, ते वर सांगितलेच आहे.

अमेरिकेने रुग्णालयाच्या आतही वही नेली. रुग्णालयात दाखल असताना हृदय बंद पडले, तर दोन मिनिटांच्या आत झटका द्यावा असा दंडक आहे. ३६९ रुग्णालयांतल्या ६,७८९ रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा सुमारे तीस टक्के वेळा दोन मिनिटे उलटून गेली होती. उशीर झाला त्यांतले २२ टक्के वाचले, वेळेत झटका मिळाला त्यांतले ३९ टक्के. रात्री, सुटीच्या दिवशी आणि लहान रुग्णालयांत उशीर जास्त होत असे. २००८ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेक रुग्णालयांना वाटत होते की आपल्याकडे असे होत नसणार.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिका आणि कॅनडातल्या नोंदींवरून असे दिसले की सार्वजनिक ठिकाणी पुरुष कोसळला तर शंभरातल्या ४५ जणांना जवळचा माणूस दाब देतो, बाई कोसळली तर ३९ जणींना. छातीला हात लावायचा संकोच हे एक कारण असावे असे जाणकार मानतात. तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे काय असेल? एवढेच म्हणतो की अशा वेळी मर्यादा म्हणजे जीव वाचवणे. आपल्या सुनांना, मुलींना आणि मुलग्यांनाही हे आजच स्पष्ट सांगून ठेवा.

आता आपल्याकडे येऊ. विसर्जन झाले की पितृपक्ष, मग नवरात्र. २०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना काही जण, त्यांत तरुणही, कोसळून गेल्याच्या बातम्या आल्या. लगेच मोबाइलवर संदेशांचा पूर आला. कोणी म्हणे लशीमुळे, कोणी म्हणे करोनामुळे, कोणी म्हणे व्यायामशाळेतल्या पावडरींमुळे. पण मूळ प्रश्न असा होता: तरुणांचे असे मृत्यू खरोखर वाढले, की बातम्या वाढल्या? उत्तर देणार कोण? त्याआधीच्या वर्षी किती जण गेले, त्याच्याही आधी किती, हे लिहिलेलेच नव्हते. मागचा आकडा नसेल तर वाढ कशी सांगणार?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्या वर्षी एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. ४७ मोठ्या रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाच्या, वरवर निरोगी माणसांचे ७२९ अचानक मृत्यू तपासले आणि तुलनेसाठी २,९१६ जण घेतले. कोविडच्या लशीने धोका वाढल्याचे दिसले नाही. घरात पूर्वी कोणाचा अचानक मृत्यू झालेला असणे, कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागलेले असणे, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत अतिमद्यपान, अमली पदार्थ आणि एकाएकी केलेले फार जोराचे श्रम यांचा संबंध दिसला. याने 'कोणाला धोका जास्त' हे कळले. पण 'किती' आणि 'वाढले का' हे अशा अभ्यासातून कळत नाही. त्याला वर्षानुवर्षे चालणारी वहीच लागते.

आपल्याकडे मृत्यूचे कारण लिहिण्याची स्थितीही बेताची आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्केच मृत्यूंना डॉक्टरांनी कारणाचा दाखला दिला होता. त्यातही 'हृदयक्रिया बंद' असे लिहिले की कागद पूर्ण होतो, माहिती होत नाही.

यावर कोणी म्हणेल की हे डेन्मार्क-जपानचे चोचले आहेत, आपल्या खेड्यापाड्यांत हे शक्य नाही. त्यांना आम्ही बार्शीचे नाव सांगू. सोलापूर जिल्ह्यातले बार्शी. कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदणी देशात मुंबईला १९६३ साली सुरू झाली, पण ती शहराची. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथे अडचण अशी होती की रुग्ण दवाखान्यात येतच नसत, मग नोंद कसली? तेव्हा कार्यकर्तेच गावोगाव गेले, पारावर बसले, लोकांशी बोलले, कोणाला न भरणारी जखम आहे, कोणाच्या अंगावरून अवेळी जाते, हे विचारू लागले. विचारता विचारता लोक वेळेवर येऊ लागले. पुढे बार्शीच्या त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आणि परदेशी संशोधकांच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळले ते मराठवाड्यातल्या आपल्या बायाबापड्यांच्या नोंदींवरून. जे बार्शीला जमले ते बडोद्याला का जमू नये?

पाया आपल्याकडे आहे. १०८ ची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि २००७ साली गुजरातेत आली. फोन आला, गाडी निघाली, गाडी पोहोचली, या वेळा तिथे टिपल्या जातात. २०२३ च्या अखेरीस गुजरातेत शिक्षकांना सीपीआर शिकवण्याची मोठी मोहीमही झाली. हे स्तुत्यच आहे. पण शिकलेल्या शिक्षकाने पुढे कोणाला दाब दिला का, तो माणूस वाचला का, हे सांगणारी कडी मधे तुटलेली आहे. गाडीची नोंद एकीकडे, रुग्णालयाची दुसरीकडे, मृत्यूचा दाखला तिसरीकडे. शिवाय आपले पुष्कळ रुग्ण रिक्षातून नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीतून जातात. त्यांची तर पहिली ओळही कुठे लिहिली जात नाही.

वहीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वही स्वतः कोणाला वाचवत नाही. लिहून कपाटात ठेवली तर ती रद्दीच. ती उपयोगी पडते ती वर्षाअखेर प्रत्येक जिल्ह्याला, प्रत्येक रुग्णालयाला आणि प्रत्येक रुग्णवाहिका केंद्राला त्याचाच आकडा परत दाखवला जातो तेव्हा. दुसरे म्हणजे गुप्तता. घरातल्या दुःखाची माहिती बाहेर जाईल, विम्याला अडचण येईल, ही भीती खरी आहे. म्हणून नाव काढून टाकणे, माहिती फक्त अधिकृत हातात राहणे, आणि कोणावर दोष ठेवण्यासाठी ती न वापरणे, या अटी पाळल्याच पाहिजेत. दोष शोधायची वही झाली की लोक खोटे लिहू लागतात.

राष्ट्रीय वही करणे हे सरकारचे आणि वैद्यकीय संस्थांचे काम. त्यासाठी आपल्या मंडळाच्या वतीने निवेदन द्यावे, असा ठराव समिती कार्यकारिणीपुढे मांडणार आहे. तोवर आपल्या हातात जे आहे, ते तीन कामांत सांगतो.

पहिले काम शिकण्याचे. दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी आपल्या सभागृहात सीपीआर शिकवले जाईल. आठवीच्या पुढच्या प्रत्येकाने यावे. परदेशांतल्या नोंदींत दहांपैकी साधारण सात घटना घरातच घडतात असे दिसते. आपल्यातल्या किती घरांत आज फक्त आजी-आजोबा राहतात आणि मुले पुण्याला, बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत असतात! म्हणजे आजोबांना वाचवायचे तर ते आजींनी किंवा शेजारच्या पटेलांच्या मुलाने. म्हणून शेजाऱ्यांनाही बरोबर आणा. आजच एवढे ध्यानात ठेवा. माणूस हाक मारून, हलवून जागा होत नाही आणि श्वास नीट नाही, तर हृदय बंद पडले असे समजा. १०८ ला फोन लावा आणि आवाज मोठा करून फोन बाजूला ठेवा. जमिनीवर उताणे निजवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा, आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्या. तोंडाने श्वास देणे येत नसेल तर नुसते दाबत राहा. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका, मुलाला फोन नंतर करा. दमलात की दुसऱ्याने हात घालावा, पण थांबू नका.

दुसरे काम यादीचे. आपण राहतो त्या भागात एईडी कुठे आहे, कोणत्या वेळी ती जागा उघडी असते, किल्ली कोणाकडे, सीपीआर शिकलेला माणूस कोणत्या इमारतीत आहे, ही यादी युवक विभाग करणार आहे. यंत्र कुलपात असेल तर ते नसल्यासारखेच. यादी दर सहा महिन्यांनी ताजी करावी लागेल.

तिसरे काम वहीचे. आपल्या एखाद्या सभासदाच्या घरी असा प्रसंग घडला, तर दिवसकार्य आटोपल्यावर, घरच्यांची तयारी असेल तरच, समितीचा एक माणूस येऊन ते पाच प्रश्न विचारील आणि नाव न लिहिता उत्तरे लिहून घेईल. माणूस वाचला असेल तरीही विचारील. एका मंडळाच्या वहीतून शास्त्र निघणार नाही, हे आम्ही जाणतो. पण फोन आधी कोणाला जातो, दाब द्यायला हात का कचरतात, हे आपले आपल्याला कळेल आणि पुढच्या वर्षीचा वर्ग त्याप्रमाणे बदलता येईल.

त्या काकूंनी आपल्या घरची उत्तरे आम्हाला सांगितली आहेत. वेळ नक्की आठवत नव्हती, म्हणून त्यांनी मुलाच्या फोनमधली त्या दिवसाची नोंद शोधायला लावली आणि ती वेळ आम्हाला लिहून दिली. आमच्या वहीची पहिली ओळ ती आहे. पुढच्या ओळींत 'दाब दिला का' या प्रश्नासमोर 'हो' अधिक वेळा यावे, एवढेच मागणे आज विघ्नहर्त्यापाशी आणि आपणां सर्वांपाशी.

गणपती बाप्पा मोरया!